घरातील वाय-फाय राउटर : मांडणी आणि सुरक्षितता

घरातील राउटर हे दोन जाळ्यांच्या सीमेवर बसवलेले यंत्र असते. त्याच्या एका अंगाला सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून आलेली इंटरनेटची जोडणी असते आणि दुसऱ्या अंगाला घरातले मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरे, अलीकडे दिवे आणि पंखेही. बाहेरून आलेली माहिती यांपैकी कोणत्या उपकरणाकडे पाठवायची हे राउटर ठरवतो आणि कोणी न बोलावता आत शिरू पाहत असेल तर त्याला बाहेरच अडवतो. बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, कार्यालयाचे काम आणि दवाखान्यातून आलेले अहवाल हे सारे या एका पेटीतून जाते. तरीही जोडणी द्यायला आलेला माणूस वाय-फायचे नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून निघून गेला की अनेक घरांत त्या पेटीकडे पुन्हा कोणी पाहत नाही. तिची व्यवस्था नीट लावण्यासाठी संगणकशास्त्र शिकावे लागत नाही. एक मोकळी दुपार, एक वही आणि काही निर्णय एवढ्यावर काम भागते, आणि त्या निर्णयांतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय दोन वेगवेगळ्या पासवर्डांविषयीचा आहे.

शहरांत आणि आता पुष्कळशा तालुक्याच्या गावांतही जोडणी फायबरने येते. फायबर म्हणजे काचेचा अतिशय बारीक तंतू. त्यातून माहिती प्रकाशाच्या रूपात वाहते. हा प्रकाश ज्या पेटीत विद्युत संदेशात बदलला जातो तिला ओएनटी म्हणतात, आणि बहुधा ओएनटी व राउटर ही दोन्ही कामे कंपनीने दिलेली एकच पेटी करते. तिच्यावरच्या दिव्यांपैकी दोन ओळखता आले तरी पुष्कळ त्रास वाचतो. ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असेल तर बाहेरची तार ठीक आहे. ‘लॉस’ हा दिवा लाल पेटला असेल तर प्रकाश पेटीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे दोष तारेत आहे आणि अशा वेळी सेटिंगमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही, थेट तक्रार नोंदवावी. फायबरची केबल कोपऱ्यात काटकोनात दुमडू नये किंवा दाराच्या फटीत चेपू नये, कारण आतली काच तुटते. केबलचे टोक सुटले तर त्यात डोळा लावून पाहू नये. त्यातला लेझर प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे फायबरवाटे आकाशातल्या विजेचा धोका येत नाही. मात्र स्थानिक ऑपरेटरने गच्चीवरून तांब्याची लॅन केबल ओढून आणली असेल तर वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की ती केबल आणि राउटरचा अडॅप्टर दोन्ही काढून ठेवणे श्रेयस्कर.

राउटर कोठे ठेवावा हा प्रश्न सोयीचा वाटतो, पण वेग आणि रेंज यांबद्दलच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. केबल दाराजवळून आत येते म्हणून पेटी दाराजवळ, टीव्हीच्या मागे किंवा चपलांच्या कपाटावर बसवली जाते आणि मग मागच्या खोलीत नेट मिळत नाही. वाय-फायच्या लहरी राउटरभोवती सर्व दिशांना पसरतात, म्हणून तो घराच्या साधारण मध्यभागी, उंचावर आणि मोकळ्या जागी असावा. केबल थोडी लांबवून घेण्याचा खर्च दुसरा राउटर घेण्याच्या खर्चापेक्षा कमीच असतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज आणि पाण्याची टाकी या लहरी अडवतात. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती आणि जुन्या वाड्यांतल्या दगडी भिंती तर त्या जवळपास गिळूनच टाकतात, आणि अशा घरांत एका राउटरकडून सगळ्या खोल्यांची अपेक्षा न धरता लॅन केबल ओढून दुसरा लावणे हाच खरा उपाय ठरतो.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर काम करतात. २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी लांबवर पोहोचते, पण सोसायटीतल्या सगळ्या घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची तिथे गर्दी असते. ५ गिगाहर्ट्‌झची पट्टी वेगवान असते, पण भिंतीपुढे लवकर हरते. टीव्ही व लॅपटॉप यांना दुसरी आणि लांबच्या खोलीतल्या उपकरणांना पहिली द्यावी. पहिल्या पट्टीत वाहिनी निवडायची असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी एक घ्यावी, कारण या तीनच एकमेकींवर चढत नाहीत.

आता सुरक्षिततेकडे वळावे. राउटरला दोन पासवर्ड असतात आणि त्यांची गल्लत जवळजवळ सर्वत्र होते. पहिला वाय-फायचा, जो पाहुण्यांना सांगितला जातो. त्याने जाळ्यात प्रवेश मिळतो. दुसरा अ‍ॅडमिनचा, ज्याने राउटरची सेटिंग उघडतात. त्याने त्या जाळ्यावर सत्ता मिळते. जोडणी देणारा माणूस पहिला बदलून देतो, पण दुसरा कित्येकदा कारखान्यातून आला तसाच राहतो, आणि तो नाव ‘अ‍ॅडमिन’ व पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’ असा असेल तर वाय-फाय वापरायला मिळालेल्या कोणालाही घराचा सगळा कारभार आपल्या हाती घेता येतो. या एका हलगर्जीपणाची किंमत जगाने मोजली आहे. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यात ठरवलेल्या अशा साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या आजमावत लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या एकत्रित माऱ्याने २१ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, भारतात बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम अशाच प्रकारच्या हल्ल्याला बळी पडले. ज्यांचा मूळ पासवर्ड बदललेला नव्हता ते मोडेम बाधित झाले आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले.

अ‍ॅडमिनचे पान उघडण्याची रीत सोपी आहे. घरातल्या वाय-फायला जोडलेल्या फोनवर मोबाइल डेटा बंद करून ब्राउझर उघडावा आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीत राउटरचा पत्ता इंग्रजी अंकांत लिहावा. तो पुष्कळ राउटरांवर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९.१ असतो, नेमका पत्ता फोनमधल्या वाय-फायच्या तपशिलात ‘गेटवे’ या शब्दापुढे दिसतो आणि पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवरही छापलेला असतो. हा पत्ता शोधयंत्रात टाकू नये, कारण तिथे ‘राउटर लॉगिन’च्या नावाने भलतीच पाने समोर येतात आणि काही पानांवरचे तथाकथित मदत क्रमांक फसवणुकीचे असतात. पान उघडल्यावर काहीही बदलण्याआधी इंटरनेट जोडणीच्या म्हणजे ‘वॅन’च्या पानाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि कंपनीने दिलेले वापरकर्ता नाव व पासवर्ड वहीत लिहून घ्यावेत. पुढे काही बिघडले आणि राउटर मूळ स्थितीत आणावा लागला तर ही माहिती पुसली जाते, आणि ती हाताशी नसली की कंपनीचा माणूस येईपर्यंत घर नेटविना बसून राहते. यानंतर पहिले काम अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलण्याचे. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा पूर्णपणे वेगळा असावा आणि वहीत लिहून ठेवण्यात काही गैर नाही. घराच्या कपाटातल्या वहीपर्यंत दूरदेशीचा हल्लेखोर पोहोचत नाही.

वाय-फायचा संदेश हवेतून जात असल्यामुळे तो कोणालाही पकडता येतो, म्हणून तो कूटबद्ध म्हणजे किल्लीवाचून न उलगडणाऱ्या रूपात पाठवावा लागतो. या कूटबद्धतेच्या पद्धती काळानुसार बदलत गेल्या. वेप ही पहिली पद्धत २००१ मध्येच संशोधकांनी फोडली. तिच्यानंतरची डब्ल्यूपीए ही तात्पुरती सोय होती. २००४ मध्ये आलेली डब्ल्यूपीए२ आजही चालते आणि २०१८ मध्ये जाहीर झालेली डब्ल्यूपीए३ तिच्याहून सरस आहे. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ निवडावी. घरातले जुने फोन किंवा टीव्ही तिला जोडत नसतील तर दोन्ही चालणारा मिश्र पर्याय घ्यावा, तोही नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि तिच्यापुढे एईएस निवडावे, टीकेआयपी घेऊ नये. राउटर वेपपलीकडे जातच नसेल तर तो बदलणे भाग आहे.

मात्र पासवर्ड कच्चा असेल तर डब्ल्यूपीए२ची मजबुती वाया जाते. या पद्धतीत फोन राउटरला जोडताना दोघांमध्ये ओळख पटवणाऱ्या संदेशांची देवाणघेवाण होते. ती शेजारून पकडून ठेवली की हल्लेखोराला पुन्हा राउटरजवळ येण्याची गरज उरत नाही, तो आपल्या संगणकावर हवे तितके तर्क निवांतपणे लढवू शकतो. आपल्याकडे वाय-फायचा पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल क्रमांक ठेवण्याची सवय फार मोठी आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहावा. दहा अंकी क्रमांक लांबलचक दिसतो, पण भारतातले मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ यांनीच सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता फार तर ४०० कोटी. आजच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला दहा लाखांच्या घरात तर्क तपासता येतात. त्या वेगाने सर्व ४०० कोटी क्रमांक ४,००० सेकंदांत, म्हणजे तासाभराहून थोड्याच अधिक वेळात संपतात. आणि तो क्रमांक सोसायटीच्या सूचनाफलकावरील यादीत लावलेला असेल तर संगणकाचीही गरज नाही. आडनाव आणि १२३, मुलाचे नाव आणि जन्मवर्ष, कुलदैवताचे नाव, हे प्रकार याहूनही लवकर पडतात, कारण तर्क लढवणारे प्रोग्रॅम सुरुवात तिथूनच करतात.

याउलट परस्परांशी काहीही संबंध नसलेले शब्द एकापुढे एक ठेवले तर पासवर्ड लक्षातही राहतो आणि टिकतोही. कंदील, तिकीट, पांगारा, उखळ अशा धर्तीचे शब्द रोमन लिपीत लिहून मध्ये एखादे चिन्ह घालावे. देवनागरी अक्षरे बहुतेक राउटर स्वीकारत नाहीत. शब्द मनाने न सुचवता शब्दकोशाची पाने डोळे मिटून उघडून घ्यावेत, कारण मनाला सुचणारे शब्द एकमेकांना धरून येतात. साडेसात हजार शब्दांच्या यादीतून असे चार शब्द उचलले तर वरच्याच वेगाने सगळ्या जोडण्या तपासायला शंभर वर्षे लागतात, आणि पाचवा शब्द जोडला की त्या शंभराला पुन्हा साडेसात हजारांनी गुणावे लागते. डब्ल्यूपीए२चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो, तेव्हा जागेची कंजुषी करण्याचे कारण नाही. येथे दिलेले चार शब्द छापले गेले असल्याने ते मात्र वापरू नयेत.

पासवर्डविना उघडे ठेवलेले वाय-फाय म्हणजे शेजाऱ्यावर केलेला उपकार असा एक भाबडा समज पूर्वी होता. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचला आणि तेथील रहिवाशाच्या असुरक्षित वाय-फायचा तिऱ्हाइतांनी वापर केल्याचे तपासात पुढे आले. त्याच वर्षी १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा ई-मेल मुंबईतील चेंबूर भागातून, अशाच दुसऱ्याच्या वाय-फायवरून गेला होता. बाहेरच्या जगाला घरातली सर्व उपकरणे एकाच पत्त्याने दिसतात आणि तो पत्ता जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे नेतो. म्हणजे जिन्यात बसून कोणी काही केले तरी पहिली विचारणा घरमालकाकडेच होते. निर्दोष असल्याचे सिद्ध होईपर्यंतचे दिवस कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नाहीत.

पासवर्डाच्या जोडीला डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करणे आवश्यक आहे. पासवर्ड न टाकता आठ अंकी पिनने उपकरण जोडता यावे म्हणून ती दिली गेली. तिचा दोष २०११ च्या अखेरीस उघड झाला : पिनचा शेवटचा अंक आधीच्या सातांवरून काढलेला असतो आणि राउटर पहिले चार अंक व उरलेले अंक स्वतंत्रपणे तपासून चूक कोठे झाली हे सांगून टाकतो, त्यामुळे एक कोटी शक्यतांऐवजी फक्त ११,००० तपासाव्या लागतात. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी या मागच्या वाटेने तो हाती लागतो. याउलट वाय-फायचे नाव लपवून ठेवण्याचा जो सल्ला वारंवार दिला जातो त्याचा उपयोग नगण्य आहे; दारावरची पाटी काढून ठेवल्याने कुलूप लागत नाही, आणि लपवलेले नाव साध्या प्रोग्रॅमलाही दिसते. नावात आडनाव, सदनिकेचा क्रमांक किंवा राउटरचे मॉडेल मात्र घालू नये.

पाहुण्यांसाठी बहुतेक राउटरांवर ‘गेस्ट नेटवर्क’ असते, म्हणजे त्याच राउटरचे दुसरे वाय-फाय, ज्यावरून इंटरनेट मिळते पण घरातली इतर उपकरणे दिसत नाहीत. ते सुरू करून त्याला वेगळा पासवर्ड द्यावा. अलीकडे फोनवरचा क्यूआर कोड दाखवून वाय-फाय देण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्या कोडमध्ये पासवर्ड उघड स्वरूपात लिहिलेला असतो आणि स्कॅन करणाऱ्याला तो वाचता येतो व पुढे पाठवताही येतो, म्हणून कोड द्यायचा तो गेस्ट नेटवर्कचाच. याच जाळ्यावर कॅमेरे, स्मार्ट टीव्ही, दिवे आणि प्लग ठेवावेत. या स्वस्त उपकरणांना पुढे सुधारणा मिळतातच असे नाही, आणि त्यांतले एखादे फुटले तरी लॅपटॉपपर्यंतची वाट बंद राहते. बाहेरून घरात पोहोचवणाऱ्या दोन सेटिंगकडे विशेष लक्ष द्यावे : ‘रिमोट मॅनेजमेंट’, ज्याने राउटरचे पान इंटरनेटवरून उघडते, आणि ‘यूपीएनपी’, ज्याने घरातले उपकरण विचारल्याशिवाय बाहेरचे दार उघडून घेते. दोन्ही बंद करावीत. एखादा खेळ किंवा कॅमेरा त्यामुळे अडला तर तेवढ्यापुरता विचार करता येतो.

राउटर ताब्यात घेणारे पुष्कळदा डीएनएसची नोंद बदलतात. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी सेवा. ती चोराची झाली की बँकेचे नाव बरोबर लिहूनही भलतेच पान उघडू शकते. म्हणून अ‍ॅडमिनच्या पानावर डीएनएसपुढे कोणते अंक आहेत ते आजच वहीत लिहावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी ताडून पाहावे. त्याच वेळी जोडलेल्या उपकरणांची यादीही पाहावी. तिथे अनोळखी नाव दिसले तर घाबरून न जाता घरातली उपकरणे एकेक बंद करून पडताळा घ्यावा, आणि तरीही ते नाव उरले तर वाय-फायचा पासवर्ड बदलावा.

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आत कायम राहणारा आणि त्याला चालवणारा प्रोग्रॅम. त्यातले दोष सापडत राहतात आणि निर्माता त्यांवर सुधारित आवृत्ती देतो; आपोआप सुधारण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. कंपनीने दिलेल्या पेटीत हे काम बहुधा कंपनीच करते, स्वतः विकत घेतलेल्या राउटरवर ते मालकाचे. निर्मात्याने सुधारणा देणे थांबवलेला राउटर चालत असला तरी वापरू नये. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने शेकडो राउटरांचे जे बळकावलेले जाळे मोडून काढल्याचे जाहीर केले, त्यातले बहुतेक राउटर असेच, सुधारणा बंद झालेले होते, आणि ते लहान कार्यालयांत व घरांत नेहमीचे काम करीत होते.

स्वतःचा राउटर कंपनीच्या पेटीमागे जोडला असेल तर त्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर ठेवावे, नाहीतर दोन राउटर एकाच कामावर बसतात आणि प्रिंटर सापडेनासा होतो. शिवाय जुन्या पेटीचे वाय-फाय बंद करायला विसरू नये. नव्या राउटरची सगळी तटबंदी करून जुन्या पेटीचे वाय-फाय कारखान्यातल्या पासवर्डासह चालूच असल्याचे पुष्कळ घरांत आढळते.

घर बदलताना, भाडेकरू बदलताना किंवा राउटर कंपनीला परत देताना, तसेच भंगारात टाकताना त्याच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून ती दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी, म्हणजे तो मूळ स्थितीत येतो. असे केले नाही तर वाय-फायचा पासवर्ड आणि कंपनीचे खाते त्या पेटीत तसेच राहते आणि पुढच्या मालकाच्या हाती जाते.